सहावा मासा मोजायचा नसतो

करार फेटाळला गेला. बाजूने बेचाळीस, विरुद्ध एकोणीस.

आता वरची ओळ तुम्ही वाचलीच नाही असं समजा. शेरीबंदरात सगळे तसंच समजतात. तिथे जाऊन कुणाला बेचाळीसचा आकडा विचारलात तर माणूस समुद्राकडे बघतो आणि यंदा बांगडा कसा लागलाय ते सांगू लागतो. तेव्हा आपणही मुळापासून सुरुवात करू. म्हणजे शिवदासची होडी वाळूत रुतली, तिथून.

साल १९६०, महिना डिसेंबर. शिवदास पाणवाडीचा होडीवाला. खाडीच्या या काठाची माणसं पलीकडे शेरीबंदराला नेऊन सोडणं हा त्याचा धंदा. शाळेत फायनल पास झाल्यामुळे त्याला वाचायचं व्यसन लागलं होतं, आणि बोर्ली पंचतनच्या एसटीतून, दोन दिवस शिळा का होईना, मुंबईचा पेपर त्याच्या हाती यायचा. त्या सकाळी होडीत उतारू नव्हता. शिवदासने वल्हं काखेत धरलं, पेपर उघडला, आणि ‘लोकसभेत गदारोळ’ या मथळ्याच्या बरोबर मध्यावर होडी खर्रकन थांबली.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा होता. ओहोटीला वर यायचा, भरतीला बुडायचा. म्हणजे दिवसातला अर्धा वेळ तो नव्हताच. या दांड्यावरून दोन्ही गावं तीन पिढ्या भांडत होती... उरलेल्या अर्ध्या वेळात.

“ओ पेपरवाले!”

शिवदासने मान वर केली. पोटरीभर पाण्यात एक मुलगी उभी होती. लुगडं वर खोचलेलं, अंबाड्यात अबोली, कमरेला टोपली, आणि टोपलीत वाळूतून उकरलेल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या.

“हा दांडा शेरीबंदरचा हाय,” ती म्हणाली. “होडी उचला.”

“उचलतो. थोडं पाणी द्या.”

“पाणी दुपारला येतंय.”

“म्हंजे दुपारपर्यंत मी परदेशात?”

“व्हय. आणि परवाना न्हाय तुमच्याकडं.”

ती हसली नाही. पण न हसण्यासाठी तिला ओठ आत घ्यावे लागले, हे शिवदासने पाहिलं. पेपर त्याच्या हातात उलटा होता, हे तिने पाहिलं.

ती रतन. शेरीबंदरच्या तुळशीराम पाटलाची मुलगी. होडीच्या कडेवर टोपली टेकवून ती तिसऱ्या मोजायला लागली, आणि शिवदास पेपर विसरला. असं मोजणं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. दोन्ही हात चालत होते, नजर भलतीकडेच होती आणि तोंडातून आकडे लाटेसारखे येत होते. एक, दोन, तीन, चार, पाच... मग एक तिसरी काही न बोलता बाजूला. पुन्हा सहा, सात, आठ, नऊ, दहा... पुन्हा एक मुक्याने बाजूला.

“ती बाजूची कोनाची?”

“घेणाऱ्याची. पाचावर एक वर घालायचा असतो. सहावा मोजायचा नसतो.”

“का?”

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने समुद्र खारट का ते विचारलं होतं. “मोजला तर तो वरचा कसा राहील?”

शिवदासला हे पटलं. खरं तर त्या वेळी तिने खाडीत साखर आहे असं सांगितलं असतं, तरी त्याने चमचा आणला असता.

दुपारपर्यंत करायचं काय, म्हणून त्याने पेपर वाचून दाखवला. बेरूबारी नावाचा एक मुलूख आहे. त्यातला अर्धा पाकिस्तानला द्यायचा करार दिल्लीच्या सरकारने केलाय. पण देशाची जमीन अशी देता येत नाही म्हणून कोर्टाने अडवलं. आता घटना बदलावी लागणार. त्याला लोकसभेत दोन तृतीयांश मतं लागतात आणि तिथे आरडाओरडा चाललाय.

“ते बेरूबारी कुठं आलं?”

“बंगालात.”

“पालीच्या पलीकडं?”

“पालीच्या... बरंच पलीकडं.”

रतनने दोन्ही तळवे वाळूवर टेकवले. “आमचं पण असंच हाय,” ती हळूच म्हणाली. “फकस्त पेपरात येत न्हाय.”

खरंच तसंच होतं. दिवाळीनंतर दोन्ही गावांच्या पाटलांनी स्टँपपेपरवर करार केला होता: दांड्याचा उत्तरेकडचा अर्धा शेरीबंदरचा, दक्षिणेकडचा पाणवाडीचा, मधे खुंट. तुळशीरामदादांनी सही केली ती हौस म्हणून नव्हे. मागल्या वर्षी याच दांड्यावर वल्ह्याने एकाचा हात मोडला होता. त्याच्या मागल्या वर्षी दोघांचे. हिशेब चढता आहे हे त्यांना कळत होतं. पाणवाडीने करार लगेच मंजूर केला, कारण पाणवाडीला काही मिळत होतं. शेरीबंदरच्या गावकीत तो अजून यायचा होता.

त्यानंतर शिवदासची होडी रोज रुतली. अनुभवी होडीवाला, खाडी तोंडपाठ, आणि सलग अकरा दिवस त्याच वाळूत, त्याच जागी. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे त्याचं प्रेमही रोज पाऊण तास उशिरा सुरू व्हायचं. उतारू कुरकुरले. मग त्यांनी आपापल्या टोपल्या आणल्या आणि वाट बघता बघता तेही तिसऱ्या उकरायला लागले.

“आज पन रुतली?” रतन विचारायची.

“वाळूच अशी हाय. सोडत न्हाय.”

“वाळू गरीब हाय हो. तिच्यावर कशाला आळ?”

बाराव्या दिवशी शिवदासने तुळशीरामदादांकडे मागणीचा निरोप धाडला, रीतीप्रमाणे. दादांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, “करार पास झाला तर सोयरीक बघीन. मोडला, तर त्या काठाचं नाव या घरात घ्यायचं न्हाय. भांडणाच्या गावात पोर द्यायची, आणि मग वल्हं कोनावर उगारायचं? जावयावर?”

बोलणं रास्त होतं. आणि करार सहज पास होईल असं सगळ्यांना वाटत होतं... पण दुसऱ्या दिवशी एसटीतून पेपर आला. लोकसभेने घटना बदलायला मंजुरी दिली होती. बेरूबारी जाणार.

शेरीबंदर पेटलं. बेरूबारी कुणी पाहिली नव्हती, तिचं नाव निम्म्यांना नीट घेता येत नव्हतं, पण जमीन जाण्याचं दुःख त्यांना शिकवावं लागलं नाही. रावजीनाना नाखवा देवळाच्या पायरीवर चढले. आवाज असा, की वारा पडलेला असताना होड्या हलाव्यात. “आजपासून दिल्लीला शेरीबंदरातून एक मासा जायाचा न्हाय!” ठराव एकमताने झाला. आजवर एकही मासा गेलेला नव्हता, त्यामुळे अंमलबजावणी त्याच मिनिटाला पुरी झाली.

मग रावजीनानांनी बोट खाडीकडे वळवलं. “आणि आपला पाटील काय करतोय? तिकडं बेरूबारी, इकडं दांडा! माझ्या बापाचं बोट त्या वाळूत तुटलंय. दिल्लीला दोन तृतीयांश लागतात ना? मग हितं पन दोन तृतीयांश पायजेत!”

आता दोन तृतीयांश म्हणजे नक्की किती, हे गावात कुणालाच सांगता येईना. तेव्हा नियम वाचून दाखवायला पाणवाडीच्या शिवदासला बोलवावं लागलं. शत्रूच्या गावचा म्हणून त्याला सभेच्या मांडवाच्या बाहेर बसवलं; नियम तोच सांगणार म्हणून तोंड आत करून. घरं बहात्तर. घरटी एक मत. दोन तृतीयांश म्हणजे अठ्ठेचाळीस.

मत गुप्त हवं, असं रावजीनानांचं म्हणणं. चिठ्ठी लिहिणारे गावात चौघे. तेव्हा ठरलं ते असं: कराराच्या बाजूने असेल त्याने मुठीत सुका बोंबील आणायचा, विरुद्ध असेल त्याने बोटाएवढी सुकी मांदेली. मधे एक टोपली, वर फडकं, फडक्याखाली हात घालून सोडायचं. योजना उत्तम होती. फक्त बोंबील वीतभर लांब असतो आणि कुणाच्याच मुठीत मावत नाही. त्यामुळे मत गुप्त राहिलं ते मांदेलीवाल्यांचं. बाकीचे आपलं मत दोन्ही बाजूंनी बाहेर काढून रुबाबात चालत आले.

मोजायचं कुणी, यावर वाद झाला नाही. रतनने. तिच्या मोजणीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. रावजीनानाच म्हणाले, “पाटलाची पोर असली तरी तिचे हात गावाचे हायत.” शिवदासला त्या क्षणी रावजीनाना आवडले. याच माणसाचा पराभव व्हावा म्हणून त्याने सकाळीच देवाला नारळ बोलला होता, तरी आवडले.

रतन टोपलीपुढे बसली. बोंबील एकीकडे, मांदेली एकीकडे. तिने बाहेर, शिवदासकडे, एकदाच पाहिलं. आणि ती मोजायला लागली.

हात चालू झाले. तोच झपाटा, तीच लाट. एक, दोन, तीन, चार, पाच... शिवदास कौतुकाने बघत होता. आणि बघता बघता त्याने मान पुढे काढली.

तिच्या डाव्या गुडघ्याशी एक तिसरा, छोटा ढीग तयार होत होता.

“बेचाळीस,” रतन खणखणीत म्हणाली. मग मांदेली. “एकोणीस.” आणि शेवटच्या अक्षराला तिचा आवाज उतरला, कारण अठ्ठेचाळीस म्हणजे किती, हे तिला गावात सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

“फेटाळला!” रावजीनाना उठले. तुळशीरामदादांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. रतन आपल्याच हातांकडे बघत बसली. त्या हातांनी आत्ताच काय केलं, ते तिला समजत होतं. पण कसं केलं, ते समजत नव्हतं.

आणि तो तिसरा ढीग सगळ्यांच्या समोर उघडा पडला होता. कुणाला तो दिसत नव्हता. शेरीबंदरात जन्मलेल्या माणसाला सहावा मासा दिसतच नाही. शिवदासला दिसला, कारण तो होडीवाला. होडीत सहावा माणूस चढला तर त्याला मोजावंच लागतं, नाही तर सहाही बुडतात.

बोलावं, तर म्हणतील पाणवाडीचा कावा. शिवाय रतनच्या मोजणीवर बोट ठेवणारा पहिला माणूस तोच ठरायचा. आणि गप्प बसावं, तर... त्याने तिच्याकडे पाहिलं. तो उठला.

“मोजणी बरोबर हाय,” तो म्हणाला. “फकस्त घरं कमी भरतायत.”

“काय?”

“बेचाळीस आणि एकोणीस, एकसष्ट. घरं बहात्तर. अकरा घरं कुठं गेली?”

मांडवात बहात्तर घरवाले एकमेकांना चाचपू लागले. सगळे होते. तेव्हा म्हातारी नीराबाई, जिने रतनला मोजायला शिकवलं होतं, काठी टेकत पुढे आली आणि तिने त्या छोट्या ढिगाला काठी लावली.

“हे वरचे,” ती म्हणाली. “पोरीनं पाचावर एक घातलाय. रीतीनं.”

रतनने तोंडावर हात घेतला.

“वरचा मोजत न्हाईत!” रावजीनाना ओरडले. “आजवर कवा मोजलाय? गिऱ्हाइकाला दिलेला मासा परत टोपलीत येतोय काय?”

“न्हाय येत,” नीराबाई म्हणाली. “तो गिऱ्हाइकाचा.”

“मग झालं तर!”

“झालं कुठं, रावजी? गिऱ्हाईक कोन, ते सांग की.”

शेरीबंदर विचार करू लागलं. करारात देणारे आपण, म्हणजे विकणारे आपण. वाळू घेणार कोण? पाणवाडी. मग गिऱ्हाईक पाणवाडी. आणि मांडवात पाणवाडीचं कोण आहे?

एकशे चव्वेचाळीस डोळे बाहेर वळले.

अशा रीतीने परगावचा शिवदास शेरीबंदरात एका वेळी अकरा मतांचा मालक झाला. जगात कुठल्या लोकसभेत हे घडलं असेल असं वाटत नाही. नीराबाईने ढीग उचलून त्याच्या ओंजळीत घातला. आठ बोंबील, तीन मांदेली.

बोंबील सहा टाकले तरी काम होत होतं. सगळे अकरा त्याचेच, हवं तिथे टाकायला कायद्याने मोकळा. तुळशीरामदादा त्याच्या ओंजळीकडे बघत होते. रतन मात्र बघत नव्हती. तिने डोळे मिटले होते.

शिवदासने आठ बोंबील बेचाळिसावर ठेवले. मग तीन मांदेल्या घेऊन तो चालत रावजीनानांपाशी गेला आणि त्यांच्या ढिगावर एकेक करून ठेवल्या. पडू नयेत अशा.

“ह्या तुझ्या हायत की!” रावजीनाना गोंधळले.

“न्हाय, नाना. ह्या तीन घरांच्या हायत. त्यांना दांडा द्यायचा न्हाय. मी त्यांचा ‘न्हाय’ खिशात घालून नेऊ काय?”

पन्नास आणि बावीस. दोन तास रीत आणि कायदा घुसळून शेरीबंदर शेवटी तिथे पोचलं, जिथे सरळ मोजलं असतं तर पाच मिनिटांत पोचलं असतं. पण सरळ मोजलं असतं, तर रावजीनाना त्या तीन मांदेल्यांकडे इतका वेळ बघत उभे राहिले नसते.

“हरलो,” अखेर ते म्हणाले. “पन अख्खा हरलो. कोनी एक मासा कापला न्हाय.” आणि मग, तुळशीरामदादांकडे वळून, चिडल्यासारखे: “खुंट मी ठोकणार! वाकडा ठोकलात तुमी तर बगा!”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला शिवदास दांड्यावर आला. आज होडी रुतली नाही. आज त्याने ती उघडपणे नांगरली. रतन त्याच्याकडे पाठ करून वाळू उकरत होती, आणि उकरण्याचा आवाज रागाचा होता.

“पन्नास झाले की,” तो म्हणाला. “दादा व्हय म्हणाले. आता काय झालं?”

“पन्नासांत माझं कुठलं?”

“घरटी एक...”

“घरचं मत बाबाचं.” ती उभी राहिली. हाताला ओली वाळू, गालावर एक रेघ. “दांड्याची वाळू द्यायला बहात्तर घरं, दिल्लीचा पेपर, दोन तृतीयांश. आणि मला द्यायला? बाबाची एक मान. अशी हलली... की झालं. माझी किंमत वाळूपेक्षा कमी हाय व्हय?”

अकरा मतं नीट सांभाळलेल्या माणसाने बारावं विचारलंच नव्हतं. त्याने काखेतलं वल्हं वाळूत रोवलं आणि सरळ उभा राहिला.

“मग आता घेऊ,” तो म्हणाला. “मतदार एक. ठराव एक. पाणवाडीच्या शिवदास होडीवाल्याशी... म्हंजे माझ्याशी...” पुढचं अडकलं. “ठराव तुला माहीत हाय.”

“ठराव पुरा वाचायचा असतो.”

“लगीन करशील काय, रतन?”

पाणी वळायला लागलं होतं. खेकड्याचं एक पिल्लू दोघांच्या मधून, हद्द ओलांडून, निवांत निघून गेलं.

“मत गुप्त पायजे,” ती म्हणाली. “पाठ फिरव.”

त्याने पाठ फिरवली. समोर पाणवाडी, मागे ती, आणि कानात नुसती लाट. बराच वेळ गेला.

“झालं?”

“मोजतेय.”

“एकच मत हाय, त्याला इतका येळ?”

“काल घाईनं मोजलं, मग काय झालं ते बगितलंस ना?” मग अगदी हळू... “दोन तृतीयांश व्हय हाय.”

“आणि उरलेला?”

“तो तटस्थ. लग्नानंतर तुझं वागणं बगून.”

“म्हंजे... पास?”

“घटनेप्रमाणं पास.”

तो वळला. ती त्याच्या अपेक्षेपेक्षा दीड हात जवळ उभी होती. तिने वाळूचा हात त्याच्या सदऱ्यावर पुसला, सावकाश, पाची बोटं. आणि तो सदरा शिवदासने पुढे आठ दिवस धुवायला दिला नाही.

भरती पायाला लागली तेव्हा दोघं होडीत चढली. खाडीच्या मध्यावर तिने विचारलं, “त्या बेरूबारीत माझ्याएवढी कोन असंल ना रं? तिला इचारलं कोनी?”

शिवदासने वल्हं थांबवलं. पेपर त्याने अथपासून इतिपर्यंत वाचला होता, जाहिरातींसकट. “त्याबद्दल अक्षर न्हाय,” तो म्हणाला.

“मग कागूद काढ. मी सांगते, तू लिही. आणि भाषा सरकारी घाल, न्हाय तर वाचणार न्हाईत.”

त्याने लिहिलं. अर्ज बोर्ली पंचतनच्या पोस्टात पडला. त्यातला मजकूर असा:

मेहेरबान सभापतिसाहेब, लोकसभा, नवी दिल्ली, यांचे सेवेसी.

अर्जदार रतन तुळशीराम, वय वर्षे एकोणीस, राहणार शेरीबंदर (लवकरच पाणवाडी), जिल्हा कुलाबा, सविनय विनंती अर्ज करते की, बेरूबारीच्या मतमोजणीत तिथल्या एकाही मुलीचं मत धरल्याचं आमच्या वाचनात आलं नाही. करिता सोबत जोडलेला सुका बोंबील, नग एक, हा बेरूबारीत राहणाऱ्या, माझ्या वयाच्या, नाव माहीत नसलेल्या मुलीचं मत म्हणून दाखल करून घ्यावा. तिचं मत होय की नाही, याची अर्जदारास कल्पना नसल्यामुळे सुकी मांदेली, नग एक, हीही सोबत जोडली आहे. कृपया माणूस पाठवून तिला विचारावं, ती सांगेल तो मासा मोजावा, व दुसरा तिला खाण्यास द्यावा. त्यानंतर मोजणी पहिल्यापासून पुन्हा घेऊन निकाल एसटीने कळवावा. आमच्याकडे पेपर दोन दिवस उशिरा येतो. तितका उशीर चालेल.